काळविटांच्या शिकारीचा परवाना मागू नका

रेहेकुरी परिसरातील ग्रामस्थ बंधू-भगिनींनो,

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ‘काळविटांच्या शिकारीला परवाना द्या’ असा ठराव आणायचा, अशी बोलणी पारावर चालू आहेत. हा राग खोटा नाही. हस्ताच्या ओलीवर पेरलेली ज्वारी वीतभर वर येते न येते, तोच एका रात्रीत कळप शेंडे खुडून जातो. सकाळी वावरात उरतात त्या लेंड्या आणि खुरांचे ठसे. बियाणं गेलं, मजुरी गेली. १९८० साली जाहीर झालेलं अभयारण्य जेमतेम २१७ हेक्टरचं. काळवीट चरतात ते आपल्याच रानात. फोटो काढून संध्याकाळी पुण्याला परतणाऱ्यांनी आपल्याला भूतदया शिकवू नये.

तरीही या ठरावाला हात वर करू नका.

रोही आणि रानडुकरांनी उभं पीक नासवलं, तर त्यांना मारायची परवानगी वनविभाग देऊ शकतो. काळवीट मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिथे पिकाची नासाडी हे कारण चालतच नाही. म्हणजे हा ठराव दिल्लीतला कायदा बदला असं सांगणार, आणि तोवर रब्बी हातची जाणार. समजा, कायदा बदललाच. बंदुका आहेत कुणाकडे? कोरडवाहूवाल्याकडे तर नाहीत. परवान्याच्या आडून रात्री जीप घेऊन येतील ते मटणाचे शौकीन. तुमची ज्वारी वाचली काय, बुडाली काय, त्यांना काय देणंघेणं?

कुणी फासे लावायचं किंवा कुंपणात वीज सोडायचं बोलत असेल, तर त्याला आजच अडवा. कायद्याने तीही शिकारच, आणि काळविटाच्या शिकारीला किमान ३ वर्षं कैद आहे. शिवाय तारेला काळवीटच चिकटेल कशावरून? रात्रीच्या लाइटीला पाणी धरायला आपलीच पोरं जातात.

ठराव करायचाच तर भरपाईचा करा. तक्रारीची पोच जागेवर मिळावी, पंचनामा पीक उभं असतानाच व्हावा आणि सामूहिक कुंपणाला निधी मिळावा, हे त्यात स्पष्ट लिहा. नुकसान झाल्यापासून ३ दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपालाकडे लेखी तक्रार द्या. वावराचे फोटो आणि सातबारा जोडा. दाद लागली नाही तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

गेल्या रब्बीत ज्यांचं पीक गेलं, त्या प्रत्येकाने कागदपत्रांसह ग्रामसभेला यावं, ही विनंती.

आपल्यातलाच एक शेतकरी