भुताच्या गोष्टी वाचू द्या की!

मुलीच्या हातात भयकथांचं पुस्तक दिसलं, की आपण पटकन म्हणतो, "ठेव ते बाजूला, रात्री घाबरशील." मैत्रिणींनो, माझं मत उलटं आहे. वाचू द्या तिला! चांगली भयकथा नुसती घाबरवत नाही, भीती कशी तयार होते तेही दाखवते.

नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) ही मराठीतली या प्रांतातली दोन मोठी नावं. मतकरींच्या कथा तर गूढकथा म्हणूनच ओळखल्या जातात. नेहमीचं घर, नेहमीची माणसं आणि त्यात एखादीच गोष्ट जागची हललेली. भीती तिथून सुरू होते.

समजा, मळ्यातल्या घरी बाई एकटी आहे. नवरा रात्रीच्या लाईटीवर कांद्याला पाणी द्यायला गेलाय. कडी वाजते. दार उघडताच समोर हडळ उभी राहिली, तर गोष्ट तिथंच संपली. पण तिने "कोण?" विचारलं, उत्तर आलं नाही आणि ओसरीवरचा कुत्रा मात्र शेपूट हलवतोय... आता पान उलटल्याशिवाय राहवत नाही! लेखकाने सांगायचं ते अडवून धरलं, मोकळी जागा आपल्याच मनाने भरली. उत्कंठा म्हणतात ती हीच.

दुसरं बळ प्रतीकांचं. २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटाला धारपांच्या कथेची प्रेरणा होती. त्यातला न थांबणारा पाऊस, कणकेची बाहुली, सोन्याची नाणी आठवा. राक्षस विसरला जातो, पण बापाची हाव मुलात उतरताना पाहिलेली मनातून जात नाही. आणि आपल्या जुन्या गोष्टींतली हडळ? मोकळे केस, उलटी पावलं. ती बहुतेकदा बाळंतपणात गेलेली बाई असते. जिवंतपणी जिची हेळसांड झाली, तिचीच मेल्यावर भीती!

आता पुस्तकाबाहेर या. "तिची नजर वाईट आहे." "अवसेला ती बाहेर दिसली." "तिच्यामुळे म्हशीचं दूध आटलं." बचत गटाच्या कामासाठी देवळा तालुक्यात फिरताना अशी कुजबुज माझ्याही कानावर आली आहे. बघा, तंत्र तेच! अर्धवट माहिती, अवस, लिंबू. उरलेलं गाव मनाने भरतं. फरक एवढाच, की पुस्तक मिटलं की गोष्टीतली बाई सुटते, गावातली सुटत नाही. करणी करते असं पसरवून एखादीचं जगणं अवघड करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा मागून येतो, कुजबुज आधी पोचते.

भयकथा समजून वाचलेली मुलगी अशा वेळी विचारील, "कुणी पाहिलं? मधलं का सांगत नाही? यात फायदा कुणाचा?" म्हणून वाचनालयातून धारप, मतकरी घरी येऊ द्या. हवं तर शेजारी बसून तुम्हीही वाचा. पुस्तक मिटल्यावर तिला एवढंच विचारा, "नेमकी कुठल्या ओळीला घाबरलीस, आणि का गं?"