ठाण्याची आग, मुरबाडचा साप आणि पवित्र शास्त्र

१/ बायबलमधील चमत्कार नाकारणारा शास्त्रच नाकारतो. आणि शास्त्र खरे मानणाऱ्याने दवाखान्यापेक्षा प्रार्थनेवर भिस्त ठेवावी. ही दोन विधाने बहुधा जोडीने केली जातात. पहिले श्रद्धेच्या प्रांतातले आहे. दुसरे साफ चुकीचे आहे, आणि त्याच्या खंडनासाठी नास्तिक बोलावण्याचे कारण नाही. बायबल पुरेसे आहे.

२/ आधी ठाण्याची गोष्ट. एप्रिल १३२१ मध्ये तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि दिमित्री हे चार फ्रान्सिस्कन ठाण्यात मारले गेले. पुढे पोर्देनोनेचा ओडोरिक तेथे पोहोचला, त्यांच्या अस्थी घेऊन चीनकडे गेला आणि १३३० मध्ये पादुआत त्याने आपला वृत्तांत सांगून लिहवून घेतला. त्यात जेम्सला आगीत लोटल्याचा प्रसंग आहे. एकदा अंगावरच्या वस्त्रांसह, दुसऱ्यांदा वस्त्रे काढून आणि अंगाला तेल चोपडून. दोन्ही वेळा तो धडधाकट बाहेर आला म्हणे. दानीएलच्या ३ऱ्या अध्यायातील शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो यांची छाया येथे स्पष्ट दिसते.

३/ ओडोरिक त्या दिवशी ठाण्यात नव्हता. चौघांचा वध झाला हे इतिहास मान्य करतो. आगीचा प्रसंग ऐकीव आहे. आणि तो जसाच्या तसा खरा मानला, तरी त्याच वृत्तांतानुसार आगीतून सुटलेल्या जेम्सला त्यानंतर मारेकऱ्यांनी ठार केले. चमत्काराने त्याला वाचवले, असे ओडोरिकही म्हणत नाही.

४/ फेब्रुवारी १८३१ मध्ये मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. दांडेकरांच्या 'श्रीहिंदुधर्मस्थापना'ला विल्सन यांनी १८३२ मध्ये ग्रंथरूपाने उत्तर दिले. त्या काळचा मिशनरी युक्तिवाद असा, की पुराणांतील अद्भुत कथा बुद्धीला न पटणाऱ्या, तर बायबलमधील चमत्कार साक्षीने सिद्ध. माप एकच असते तर गोष्ट वेगळी. साक्ष हेच प्रमाण मानायचे, तर साक्ष प्रत्येक आळीत मिळते.

५/ शहापूर-मुरबाडच्या भातखाचरांत ती दर पावसाळ्यात मिळते. साप चावतो, भगत मंत्र घालतो, माणूस वाचतो, आणि सारी वाडी साक्षीदार. साप बिनविषारी होता, किंवा विषारी असूनही दंशात विष उतरले नव्हते, हे वाडीला दिसत नाही. मण्यारीचा दंश तर रात्री, झोपेत होतो. वेदना जवळजवळ नसते, आणि पहाटेपर्यंत श्वास थांबू लागतो. तेथे अँटिव्हेनम लागते. तेलाने किंवा अंगाऱ्याने ते काम होत नाही. मग ते तेल कोणत्याही धर्माच्या नावाने मंतरलेले असो.

६/ यावर मार्ककृत शुभवर्तमान, अध्याय १६, पुढे केले जाते: विश्वासणारे सर्प उचलतील आणि विष त्यांना बाधणार नाही. सिनाई आणि व्हॅटिकन या ४थ्या शतकातील दोन्ही प्रसिद्ध ग्रीक हस्तलिखितांत मार्क ८व्या वचनावर संपतो. सर्पांचे वचन १८वे आहे. म्हणजे ज्या वचनावर शेजाऱ्याचा जीव पणाला लावला जातो, ते त्या प्राचीन प्रतींत नाही.

७/ तेही बाजूला ठेवू या. माल्टा बेटावर पौलाच्या हाताला साप डसला आणि काही झाले नाही, असे प्रेषितांची कृत्ये सांगतात. पण पौलाने तो साप मुद्दाम उचलला नव्हता. तो सरपणातून निघाला. हाच पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, त्रफिमाला मिलेतात आजारी सोडून पुढे जातो, आणि लूकला प्रिय वैद्य म्हणतो. मत्तयाच्या ४थ्या अध्यायात मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सुचवणारा कोण आहे? तो शास्त्रवचनच उद्धृत करतो! येशू नकार देतो. उडी टाकणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे, हे त्याचे उत्तर.

८/ महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा भेद नेमका ओळखला आहे. दिवंगत संतांचे चमत्कार सांगणे, त्यांविषयीचे साहित्य प्रसृत करणे त्याच्या कक्षेत येत नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे मात्र गुन्हा आहे. तेथे भगत, बुवा आणि पाळक यांना वेगवेगळी कलमे नाहीत.