दर रविवारी एक मणी

तुमच्या कपाटात पॉलिमर क्लेची पाकिटं पडून असतील, तर हे तुमच्यासाठी आहे. हौसेनं आणलेली, त्यातली दोन-चार उघडलेली, कानातल्यांचा एखादा जोड करून झालेला आणि मग 'काही सुचलं की करू' म्हणून मागे सरकवलेली. माझं कळकळीचं सांगणं आहे की सुचायची वाट पाहू नका. स्वतःला छोटंसं आव्हान द्या, त्याला दिवस ठरवा आणि ते पुरं करा. हात चालू लागला की सुचायला लागतं.

सुरुवात अशी करा. कागदाच्या बारा चिठ्ठ्या करा आणि प्रत्येकीवर एकेक अट लिहा. 'फक्त दोन रंग.' 'शर्टाच्या बटणाचा ठसा.' 'पावसात भिजलेल्या कौलाचा रंग.' 'नाचणीच्या भाकरीचा खरखरीतपणा.' 'पिकत आलेल्या हापूसची साल.' दर रविवारी डोळे मिटून एक चिठ्ठी उचला. उचललेली चिठ्ठी बदलायची नाही आणि पुढच्या रविवारच्या आत एक मणी भाजून तयार व्हायला हवा. मणी बिघडला तरी टाकायचा नाही, तोही दोऱ्यात ओवायचा.

अट कशाला? वीस रंग समोर असले की हात थबकतो. दोनच असले की आपण ते एकमेकांत मिसळून पाहतो आणि मधल्या पाच-सहा छटा हाती लागतात. भिजलेल्या कौलाची चिठ्ठी निघाली की माणूस आधी खिडकीशी जातो. कौल नुसतं लाल नसतं, त्यात काळपट आणि शेवाळी झाक असते, हे तेव्हा दिसतं.

आता सामानाची ओळख. नावात क्ले असली तरी ही माती नाही. पीव्हीसी प्लास्टिकची बारीक पूड, ती मऊ ठेवणारं द्रव्य आणि रंग यांचं हे मिश्रण आहे. म्हणून ती हवेवर वाळत नाही आणि भाजल्यावरच पक्की होते. काम अर्धवट टाकून चार दिवसांनी पुन्हा हातात घेता येतं, ही नोकरी-घर सांभाळणाऱ्यांना मोठीच सोय. जर्मनीत बाहुल्या करणाऱ्या केटे क्रूझे यांची मुलगी फिफी हिच्या हातकामातून यातला एक प्रकार पुढे आला. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीनं तो घेतला आणि फिमो या नावानं बाजारात आणला.

पहिला मणी फुलांचा करून पाहा. क्ले कणकेसारखी मळा. कडेला भेगा पडेनाशा झाल्या की ती तयार. पिवळ्या रंगाची एक वळी मधे आणि पांढऱ्या पाच वळ्या भोवती लावा, फटी हिरव्यानं भरा. सगळी जुडी हळूहळू दाबत, लांबवत बारीक करा. आतलं फूल तसंच लहान होत जातं. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे काचकारागीर रंगीत काचेच्या कांडीत हेच करतात. जुडी पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर कापताना फूल चेपतं. मग पातळ चकत्या कापून साध्या गोळीवर बसवा, तळहातात गोल फिरवा आणि सुईनं दोन्ही बाजूंनी थोडं थोडं भोक पाडा.

भाजताना घाई नको. फिमोला ११० अंश सेल्सियस आणि अर्धा तास लागतो. दुसऱ्या कंपनीच्या पाकिटावर वेगळा आकडा असेल, तर तोच पाळा. मी सुरुवातीला ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबून राहिले आणि पांढरी फुलं तपकिरी झाली. तेव्हापासून ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवते. पीव्हीसी जळलं तर घातक धूर होतो. तसं झालंच तर ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर जा. मायक्रोवेव्ह वापरू नका. यासाठीचं लाटणं, सुरी, ताटली कायमची वेगळी ठेवा. मुलं सोबत असतील तर पातं आणि ओव्हन मोठ्यांच्याच हातात.

चार मणी झाले की एक डबी करा. काचेच्या सरळ बाटलीभोवती कागद गुंडाळा, त्यावर क्लेची एकसारखी लाटलेली पट्टी बसवा. पट्टी एका बाजूनं सरकवत लावली की खाली हवा अडकत नाही; अडकली तर भाजताना फुगवटा येतो. बाटली थंड ओव्हनमध्येच ठेवा आणि नंतर ओव्हनमध्येच निवू द्या. मग नळी अलगद काढून घ्या, खाली तळ जोडा आणि पुन्हा भाजा. भाजलेल्या भागाला कच्ची क्ले लावून पुन्हा भाजता येतं, म्हणून झाकण, पाय, कडेची नक्षी असं एकेक वाढवता येतं. डबीत कानातली ठेवा, सुपारी-बडीशेप मात्र नको. या वस्तूंत खाण्याचं काही ठेवू नये.

शक्य असेल तर एकट्यानं करू नका. बहिणीला, शेजारणीला, मुलाला त्याच चिठ्ठीवर काम द्या. एकाच अटीतून तीन निराळे मणी निघाले की 'माझ्यात कला नाही' हे वाक्य आपोआप मागे पडतं.

बारा आठवड्यांनी बारा मणी ओवलेला दोरा हातात घ्या. पहिल्या मण्यावर बोटांचे ठसे असतील, भोक तिरकं गेलेलं असेल. बाराव्यात हात बसलेला दिसेल. तो फरक तुमच्या कष्टांचा आहे आणि तो विकत मिळत नाही. येत्या रविवारी चिठ्ठ्या करा.