यंत्राचें मौन

राजूरसारख्या खाणीच्या गावींहि एखाद्या माळ्यावर १९९० च्या सुमाराचा संगणक धूळ खात पडलेला असतो. त्यांत वडिलांचे हिशेब व पत्रें असतात. कळ दाबली कीं पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो; आणि ‘मेला’ म्हणून यंत्र भंगारांत जातें. ही घाई आम्हांस अनुचित वाटते.

सुज्ञ वैद्य निदानावांचून औषध देत नाहीं. वीज तोडून प्रथम मदरबोर्ड निरखावा. २८६-३८६ जातीच्या पुष्कळ बोर्डांवर निकेल-कॅडमियमची नळकांडीसारखी बॅटरी असे. ती जुनी झाली कीं झिरपते व तिचा क्षार तांब्याच्या रेषा खातो. हिरवट पूड दिसल्यास बॅटरी जाणत्याकडून काढवावी. जागा थोड्या व्हिनेगरनें, मग स्पिरिटनें पुसून पूर्ण वाळवावी.

तरीहि मौन सुटलें नाहीं, तर नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक योजावा. ५ व १२ व्होल्टचा पुरवठा मापून पाहावा. मग सर्व कार्डें काढून केवळ बोर्ड, मेमरी व स्पीकर ठेवावा. शिट्या वाजल्या तर बोर्डांत प्राण आहे असें समजावें. नंतर प्रत्येक वेळीं वीज तोडून एकेक कार्ड जोडीत जावें. जें जोडतांच यंत्र पुन्हां मुकें होईल, तेथें दोष शोधावा.

वाचकहो, बॅटरी संपली म्हणजे डिस्क कोणत्या मापाची हें यंत्र विसरतें. वडिलांचीं अक्षरें डिस्कवरच असतात. तें माप यंत्रास पुन्हां सांगितलें कीं तीं बहुधा सांपडतात. यास्तव ‘फॉरमॅट करूं का?’ असें दुरुस्ती करणाऱ्यानें विचारल्यास प्रथम ‘नको’ म्हणावें.