टेगार्ट गेले, उत्तरदायित्वाचा प्रश्न उरला

कोलकाता : आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर युवतीच्या हत्येनंतर सप्टेंबर २०२४ मध्ये कनिष्ठ डॉक्टरांनी लालबाजार पोलीस मुख्यालयावर मोर्चा नेला. आयुक्त विनीत गोयल यांच्या राजीनाम्याची मागणी झाली आणि १७ सप्टेंबरला राज्य सरकारने त्यांना पदावरून हटविले. आयुक्त नेमका कोणाला उत्तरदायी, हा प्रश्न मात्र लालबाजारला नवा नाही. त्याची मुळे सर चार्ल्स टेगार्ट यांच्या कारकिर्दीत दिसतात.

आयर्लंडमधील डेरी येथे १८८१ मध्ये जन्मलेले टेगार्ट १९०१ मध्ये कोलकाता पोलीस दलात दाखल झाले. खबऱ्यांचे जाळे विणून क्रांतिकारकांचा माग काढण्यात त्यांचा हातखंडा होता. १९१५ मध्ये बालासोरजवळ बाघा जतीन यांच्याशी झालेल्या चकमकीत त्यांचा सहभाग होता. १९२३ मध्ये ते आयुक्त झाले. जानेवारी १९२४ मध्ये गोपीनाथ साहा यांनी टेगार्ट समजून अर्नेस्ट डे या इंग्रजावर गोळ्या झाडल्या. साहा यांना फाशी झाली. ऑगस्ट १९३० मध्ये डलहौसी चौकातील बाँबहल्ल्यातूनही टेगार्ट बचावले.

त्यांची कार्यक्षमता ब्रिटिशांनी वाखाणली. परंतु ती खटल्याविना स्थानबद्धतेच्या अधिकारांवर उभी होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये कोलकाता महापालिकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी असलेले सुभाषचंद्र बोस अशाच रीतीने पकडले गेले. लोकमान्य टिळकांमुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या मंडालेच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. १९३१ मध्ये भारत सोडलेल्या टेगार्ट यांना पुढे अरब उठाव मोडून काढण्यासाठी पॅलेस्टाईनमध्ये सल्लागार म्हणून पाचारण करण्यात आले. तेथील काँक्रीटच्या पोलीस गढ्या आजही त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले.

डलहौसी चौक आज बिनय, बादल, दिनेश या क्रांतिकारकांच्या नावाने ओळखला जातो. जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. कोलकाता पोलिसांचा मूळ कायदा मात्र १८६६ चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या प्रकाश सिंह खटल्यात राज्य सुरक्षा आयोग, पोलीस तक्रार प्राधिकरण आणि अधिकाऱ्यांना किमान कार्यकाळ देण्याचे निर्देश दिले. त्यांची अंमलबजावणी देशभर अपुरीच राहिली आहे.

टेगार्ट केवळ परकीय सरकारला उत्तरदायी होते. आज सरकार लोकांनी निवडलेले आहे. पण आयुक्ताची नेमणूक आणि उचलबांगडी त्या सरकारच्याच हाती आहे. संतापाच्या लाटेत आयुक्त बदलतो, रचना तशीच राहते. नावे बदलणे सोपे असते; पोलिसांना सत्तेऐवजी कायद्याला बांधणे हे अपुरे राहिलेले काम आहे.