चाहत्यांचा राग रास्तच होता

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलमध्ये ३० नोव्हेंबर २०२४ रोजी मिशिगनने ओहायो स्टेटला कोलंबसमध्ये १३-१० असे हरवले, तेव्हा घरच्या प्रेक्षकांचा संताप केवळ पराभवाचा नव्हता. जेरेमाया स्मिथ, एमेका एगबुका असे पास झेलणारे रिसीव्हर हाताशी असताना ओहायो स्टेटचा संघ चेंडू घेऊन पुन्हा पुन्हा मधल्या फळीवरच धडकत राहिला, आणि तिथेच मिशिगनचे मेसन ग्रॅहम व केनेथ ग्रँट हे धिप्पाड बचावपटू उभे होते. धावून मिळाले अवघे ७७ यार्ड. ओहायो स्टेटच्या आघाडीच्या फळीतले दोन मुख्य खेळाडू तर दुखापतीमुळे आधीच बाहेर होते. मग हा हट्ट कशासाठी?

दोन फील्ड गोल हुकले, पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकचे दोन पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले, त्यात डावपेचांचा काय दोष, असे विचारले जाते. दोष आहे. पुढची चाल समोरच्याला आधीच कळत असेल तर गुण तुटपुंजे मिळतात आणि प्रत्येक चूक जीवघेणी ठरते. सरावात काय चालते ते प्रेक्षकांना दिसत नाही, हे खरे. पण तीन आठवड्यांनी त्याच प्रशिक्षकांनी टेनेसीविरुद्ध सुरुवातीपासूनच स्मिथकडे लांब पास टाकायला लावले आणि ४२-१७ असा विजय मिळवला. जानेवारीत संघ राष्ट्रीय विजेताही झाला. हे खेळाडू नोव्हेंबरमध्येही संघातच होते.