ढगांपासूनचं अंतर : पाठ करायचं की समजून घ्यायचं?

उपकरणांच्या भरवशावर नाही, तर डोळ्यांनी बाहेर बघून विमान चालवायचं असेल, तर त्या उड्डाणाला दृश्य उड्डाण नियम म्हणजे ‘व्हीएफआर’ लागू होतात. त्यातला महत्त्वाचा नियम असा, की ढगांपासून लांब राहायचं. बारामतीत किंवा गोंदियात वैमानिक होण्यासाठी शिकणारी मुलं साधारणपणे हे आकडे पाठ करतात : बाजूला १५०० मीटर, वर-खाली ३०० मीटर. अमेरिकेत शिकणारी मुलं १०,००० फुटांखालच्या बऱ्याच हवाई क्षेत्रासाठी पाठ करतात : ढगाच्या खाली ५०० फूट, वर १००० फूट, बाजूला २००० फूट.

माझं मत असं आहे, की नुसते आकडे पाठ करून घेणं हे अर्धवट शिक्षण आहे. अंतर ठेवायचं कशासाठी? तर ढगात दुसरं विमान असू शकतं. ते उपकरणांवर उडत असतं. ढगाबाहेर येईपर्यंत ते तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही त्याला दिसत नाही. म्हणजे हे अंतर खरं तर वेळ आहे, टक्कर टाळायला मिळणारा वेळ.

आता गणित करून बघा. २५० नॉट वेगाचं विमान एका सेकंदात सुमारे १२८ मीटर जातं. २००० फूट म्हणजे ६१० मीटर. ते कापायला त्याला ५ सेकंदही लागत नाहीत! १५०० मीटरला लागतात जेमतेम १२. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या कोष्टकाप्रमाणे समोरचं विमान दिसण्यापासून आपलं विमान वळेपर्यंत सुमारे १२.५ सेकंद जातात. शिवाय आपलं विमानही पुढे जातच असतं. म्हणजे नियम तंतोतंत पाळूनही वेळ कमी पडू शकतो.

कोणी म्हणेल, “सर, परीक्षेत तर आकडेच विचारतात ना?” बरोबर आहे, आकडे यायलाच हवेत. पण आकाशात ढगापर्यंतचं अंतर मोजायला पट्टी नसते, अंदाजच करावा लागतो. ज्याला फक्त आकडा माहीत आहे, तो म्हणेल, “असेल एवढं अंतर, चालतंय.” ज्याला कारण माहीत आहे, तो आणखी लांबून जाईल.

३५ गुण मिळाले की आपण पास होतो, पण कोणी ३५ गुणांसाठी अभ्यास करत नाही. नियमातलं किमान अंतरही तसंच आहे. म्हणून शिक्षकांनी आकडा सांगताना त्याचे सेकंद किती होतात, हेही मुलांकडून काढून घ्यावं.